चेन्नईहून बारातांग : चुनखडीच्या गुहांकडे नेणारी जलवाट

चीनमधल्या ली नदीच्या काठचे हिरवे सुळके आपण चित्रांतून अनेकदा पाहिलेले असतात. ग्वेलिन ते यांगश्वो हा तिथला ८३ किलोमीटरचा बोटप्रवास एवढा नावाजलेला आहे, की त्यातले एक दृश्य चीनच्या २० युआनच्या नोटेवर छापले आहे. व्हिएतनामच्या हा लाँग आखातात समुद्रातून वर आलेल्या शेकडो डोंगरांमधून नौका फिरतात. फिलिपाईन्समध्ये पोर्तो प्रिन्सेसाजवळ डोंगराच्या पोटातून वाहणाऱ्या नदीत होडीने जाता येते. ही तिन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि तिन्ही घडली आहेत चुनखडीचा दगड आणि पाणी यांच्या लाखो वर्षांच्या व्यवहारातून.

असा अनुभव भारतात घ्यायचा तर कुठे जावे? मराठी माणसाला पहिल्यांदा नर्मदेवरचे भेडाघाट आठवते, आणि ते योग्यच आहे, कारण संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबामुळे रूप पालटलेली चुनखडीच. पण खारफुटीच्या जंगलातून बोटीने जायचे, एका अरुंद खाडीत शिरायचे आणि शेवटी चुनखडीच्या गुहेत पोचायचे, अशी सहल करायची असेल तर ठिकाण आहे अंदमानातले बारातांग बेट. तिकडे जाणाऱ्या मुख्य वाटांपैकी एक चेन्नईहून निघते. ही सहल नीट आखण्यासाठी चार गोष्टी समजून घ्याव्या लागतात : दगड, हवामान, भरती-ओहोटी आणि वाटेवरचे लोक. यातल्या शेवटच्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तिच्याविषयी इथे जरा विस्ताराने लिहिले आहे.

दगड विरघळतो कसा?

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. उथळ, उबदार समुद्रात प्रवाळ, शिंपले आणि सूक्ष्म जीवांची कवचे तळाशी साठत जातात, दाबली जातात आणि त्यांचा दगड होतो. जुन्या मद्रासच्या घरांच्या भिंती ज्या चुन्यामुळे संगमरवरासारख्या चकाकत, तो प्रसिद्ध ‘मद्रासचा चुना’ समुद्रातले शिंपले भट्टीत भाजून केलेला असे. शिंपल्यातला तो पदार्थ आणि बारातांगच्या गुहेतला दगड रासायनिकदृष्ट्या एकच आहेत.

पावसाचे पाणी हवेतला आणि विशेषतः जंगलाच्या मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे सौम्य कार्बोनिक आम्ल दगडाच्या भेगांमध्ये शिरते आणि कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते. भेगा रुंदावतात, त्यांच्या फटी होतात, फटींची भुयारे होतात. पाऊस जितका भरपूर आणि जंगल जितके दाट, तितके हे काम जोमाने चालते. म्हणूनच चुनखडीची सर्वात देखणी भूरूपे दक्षिण चीनपासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओल्या, उष्ण पट्ट्यात दिसतात. भूगोलात यांना कार्स्ट भूरूपे म्हणतात.

गुहेच्या छतातून पाण्याचा थेंब बाहेर येतो तेव्हा हीच क्रिया उलट दिशेने घडते. गुहेच्या मोकळ्या हवेत थेंबातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि विरघळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा बारीकसा थर मागे उरतो. छताकडून खाली लोंबत वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, तर थेंब जिथे पडतो तिथून वर वाढत येतो तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. दोघे एकमेकांना भिडले की अखंड खांब तयार होतो. ही वाढ अत्यंत संथ असते. वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा हा साधारण वेग मानला, तर हाताच्या बोटाएवढ्या स्तंभालाही कित्येक शतके लागतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. बेसॉल्ट पावसाच्या पाण्यात असा विरघळत नाही, त्यामुळे आपल्याकडची प्रसिद्ध लेणी माणसांनी छिन्नीने खोदलेली आहेत. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत चुनखडी आहे, पण तिची ओळख सिमेंटच्या कारखान्यांमुळे. तमिळनाडूतल्या अरियलूरची चुनखडीही मुख्यतः सिमेंटसाठीच खणली जाते. चेन्नईत राहणाऱ्यांना चुनखडीच्या गुहा जमिनीवरूनच पाहायच्या असतील, तर आंध्र प्रदेशात तीन किलोमीटरहून जास्त लांबीची बेलमची गुहा आणि विशाखापट्टणमजवळची बोर्रा गुहा आहे. होडीतून पोचायचे मात्र बारातांगलाच.

अंदमानात चुनखडी आली कुठून?

बंगालच्या उपसागराच्या पूर्व कडेला भारतीय भूपट्ट बर्माच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. खाली जाताना समुद्रतळावरचा गाळ आणि खडक खरवडले जातात, एकावर एक रचले जातात आणि वर उचलले जातात. अंदमानच्या डोंगररांगा या रचाईतूनच समुद्राबाहेर आल्या आहेत. त्यात समुद्रात तयार झालेली चुनखडीही वर आली आणि तिच्यावर वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडू लागला. गुहा घडायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे जमून आल्या.

भूपट्टांची ही हालचाल अजूनही चालू आहे. बारातांगवरच चिखलाचे ज्वालामुखी आहेत. तिथे जमिनीखालचे वायू थंड चिखलाला वर ढकलतात आणि त्याचे छोटे शंकू तयार होतात. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर २००५ मध्ये ते जोरात उसळले होते. सहलीत गुहेसोबत बहुधा हेही ठिकाण दाखवतात. तिथे काही बुडबुडे आणि राखाडी चिखल एवढेच दिसते, पण ते कशामुळे घडते आहे हे ठाऊक असेल तर तेवढेही पुष्कळ वाटते.

चेन्नईची बाजू : ऋतू आणि प्रवास

चेन्नई आणि अंदमान यांचा संबंध जुना आहे. विनायक दामोदर सावरकरांना १९११ मध्ये मद्रासहूनच ‘महाराजा’ या बोटीने अंदमानला नेले आणि ४ जुलै रोजी ते सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले. मराठी वाचकांच्या मनात अंदमानचे पहिले चित्र उमटले ते या प्रवासामुळे. आज चेन्नईचे नाते वेगळ्या धाग्याने जोडले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये समुद्रतळावरून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली आणि बेटांवरचे इंटरनेट चेन्नईमार्गे चालू लागले.

पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, तेव्हा तिकिटे काढताना दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. चेन्नईहून विमानाने तिथे पोचायला दोन-सव्वादोन तास लागतात. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे १,१९० किलोमीटर आहे आणि सरकारी प्रवासी जहाजाला अडीच ते तीन दिवस लागतात. जहाजात साध्या बंकपासून केबिनपर्यंतचे वर्ग असतात. जहाजांचे वेळापत्रक फार आधी जाहीर होत नाही आणि हवामानानुसार बदलते. रजा मोजून मिळालेली असेल तर जाताना विमान आणि येताना जहाज, किंवा दोन्ही वेळा विमान, हेच सोयीचे. हाताशी वेळ असेल तर जहाजाचा प्रवास एकदा जरूर करावा. बेट म्हणजे मुख्य भूमीपासून किती दूर असलेली जागा, हे त्या तीन दिवसांत कळते.

ऋतू निवडताना दोन पावसाळ्यांचा विचार करावा लागतो. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्याही आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंदमानात पोचतात आणि तिथला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हाच काळ. २०१५ च्या डिसेंबरातल्या पुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला होता. म्हणजे डिसेंबरात अंदमानात स्वच्छ ऊन असले तरी निघण्याच्या ठिकाणी अडचण येऊ शकते. दोन्ही टोके निर्धास्त असतात ती जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत.

आणखी एक बाब घड्याळाची. चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर यांच्यात रेखांशाचा साडेबारा अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य अंदमानात सुमारे ५० मिनिटे आधी उगवतो आणि मावळतो, घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच असते. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे सूर्यास्त होतो. बारातांगच्या सहलीची पहाटे तीन-चारची सुरुवात ऐकून अनेक जण दचकतात, तिचे निम्मे कारण हे आहे.

जारवांच्या जंगलातून जाणारा रस्ता

पहाटे निघण्याचे उरलेले कारण रस्ता. पोर्ट ब्लेअरहून बारातांग सुमारे १०० किलोमीटर आहे. त्यातला जिरकाटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटपर्यंतचा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा जारवा या आदिवासी समाजाच्या राखीव जंगलातून जातो. इथे वाहने एकेकटी जाऊ शकत नाहीत. दिवसातून ठरावीक वेळी त्यांचा ताफा पोलीस बंदोबस्तात सुटतो. पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमारास निघतो आणि त्यात जागा मिळावी म्हणून गाड्या पहाटेपासून रांगेत उभ्या राहतात. चौकीवर प्रत्येक प्रवाशाचे नाव आणि ओळखपत्र नोंदवावे लागते.

जारवा हजारो वर्षांपासून या बेटांवर शिकार, मासेमारी आणि कंदमुळे-मध गोळा करून राहत आले आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० नोंदली गेली. त्यांच्या प्रदेशातून हा रस्ता, म्हणजे अंदमान ट्रंक रोड, बांधला जात होता तेव्हा त्यांनी बाण चालवून विरोध केला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते स्वतःहून वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. बाहेरच्या माणसाच्या साध्या आजाराशी लढण्याची ताकद त्यांच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या तयारच झालेली नाही, हे त्या साथीने दाखवून दिले. ७ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जारवांच्या प्रदेशातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतरही वाहतूक चालू राहिली. जानेवारी २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्यावर काही आठवडे मनाई केली होती.

हा इतिहास सांगण्याचे कारण उघड आहे. गुहा पाहायला आपण ज्या वाटेने जातो ती दुसऱ्या समाजाच्या घरातून जाते आणि त्या समाजाने आपल्याला बोलावलेले नाही. म्हणून या टप्प्यावर गाडी थांबवायची नाही, काच खाली करायची नाही, फोटो किंवा चित्रीकरण करायचे नाही, खाऊ किंवा कोणतीही वस्तू द्यायची नाही, ताशी ४० किलोमीटरपेक्षा वेगाने जायचे नाही आणि पुढच्या वाहनाला मागे टाकायचे नाही. आदिवासी संरक्षणाच्या १९५६ च्या विनियमात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाल्या आहेत आणि त्यात तुरुंगवासही आहे. कायद्याची भीती नसती तरी हे नियम पाळावेत, असे मला मनापासून वाटते. सोबत मुले असतील तर निघण्यापूर्वीच त्यांना हे सगळे समजावून सांगावे. भूगोलाच्या पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा ते जास्त काळ त्यांच्या लक्षात राहील.

समुद्रमार्गे बारातांगला जाणारी बोट त्या काळात उपलब्ध आहे का, हे पोर्ट ब्लेअरच्या पर्यटन कार्यालयात आधी विचारावे. असेल तर ती निवडावी, कारण मग या रस्त्याची गरजच उरत नाही.

खाडीतला प्रवास

मिडल स्ट्रेट ही दक्षिण अंदमान आणि बारातांग यांच्यामधली सामुद्रधुनी. दिसते मात्र एखाद्या रुंद, शांत नदीसारखी. ती ओलांडायला फेरीबोट आहे. दाभोळ-धोपावे किंवा गोव्यातल्या नद्यांवर चालतात तशीच, एस.टी., ट्रक आणि माणसे सगळ्यांना एकत्र घेऊन जाणारी. पलीकडे निलांबूर जेट्टी लागते. हे नाव केरळातल्या निलांबूरचे. बेटावर छोटा नागपूरहून जंगलकामासाठी आणलेल्या मजुरांचे वंशज राहतात आणि इथले लोक त्यांना ‘रांची’ म्हणूनच ओळखतात. जेट्टीवर वन खात्याची परवानगी घेऊन, लाइफ जॅकेट बांधून फायबरच्या मोटारबोटीत बसायचे.

अर्ध्या तासाच्या या प्रवासात दोन्ही काठांवर खारफुटीची भिंत असते. अंदमान-निकोबारमध्ये सुमारे ६०० चौरस किलोमीटर खारफुटी आहे आणि भारतातल्या सर्वात निरोगी खारफुटींमध्ये तिची गणना होते. कोकणातल्या खाड्यांत दिसणारी कांदळाची झाडे इथे खूप उंच वाढतात. त्यांची कमानदार आधारमुळे चिखलात रोवलेली असतात आणि त्यांच्या आडोशाने मासे आणि खेकडे वाढतात. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्याची ढाल म्हणून खारफुटीचे महत्त्व देशभर नव्याने लक्षात आले. या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. म्हणून बोटीबाहेर हात सोडू नये ही सूचना गांभीर्याने घ्यावी.

शेवटी बोट मुख्य प्रवाह सोडून नयाडेराच्या अरुंद खाडीत वळते. इथे दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींना भिडतात. या टप्प्यावर भरती-ओहोटीचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. पूर्ण ओहोटीला पाणी एवढे उतरते, की बोट हळू न्यावी लागते आणि धक्क्यावर चढणे वयस्करांना अवघड जाते. अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची पातळी दोनेक मीटरने वरखाली होते, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी असतो. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तेव्हा कॅलेंडरात तिथी पाहावी आणि शक्य असल्यास भांगाचा दिवस, किंवा सकाळी आठ ते अकराच्या सुमारास भरती असलेला दिवस निवडावा. कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला हे सांगावे लागत नाही, पण शहरातून सहल आखणारे आपण ते हमखास विसरतो.

गुहेत वागायचे कसे

धक्क्यावरून गुहेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर चालत जावे लागते. वाटेत जंगल, थोडी शेते आणि लिंबूपाणी विकणारे गावकरी भेटतात. वाट दमट आणि मुळांनी भरलेली असल्याने पकड असलेले बूट घालावेत. गुहेत वाटाड्या टॉर्चने वेगवेगळे आकार दाखवतो. कुठे गणपती, कुठे कमळ, कुठे हत्तीचे मस्तक. ते पाहताना मजा येते, पण त्या आकारांच्या आत काय साठले आहे ते त्याहून विलक्षण आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी अंदमानातल्या गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा अभ्यास केला आणि गेल्या सुमारे ४,००० वर्षांत मान्सून कधी जोमदार होता आणि कधी दुबळा, याचा आलेख मांडला. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. थेंबाने ठेवलेला प्रत्येक थर ही त्या वर्षांच्या पावसाची नोंद असते.

म्हणून स्तंभाला हात लावू नये. आपल्या त्वचेवरचे तेल दगडावर बसले की त्या जागी नवा थर धरत नाही, दगड काळवंडतो आणि त्याची वाढ खुंटते. ज्या स्तंभांना अनेकांचे हात लागले आहेत ते निर्जीव आणि मळकट दिसतात, हे कोणत्याही गजबजलेल्या गुहेत पाहता येते. अंदमानच्या चुनखडीच्या गुहांमध्ये खाद्यघरट्यांच्या पाकोळ्याही राहतात. आपल्या लाळेने बांधलेली त्यांची घरटी बाजारात मोठ्या किमतीला विकली जात असल्याने चोरली जातात. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळच्या ‘चालीस एक’ या गुहासमूहात त्यांच्या संवर्धनाचे काम चालते. गुहेत आवाज कमी ठेवावा आणि प्रखर प्रकाश टाळावा, तो यांच्यासाठी.

सहलीचा आराखडा

सर्वसाधारणपणे ही सहल एका दिवसात उरकली जाते. पहाटे निघायचे, पहिल्या ताफ्यात जायचे, गुहेत अर्धा तास घालवायचा आणि दुपारचा शेवटचा ताफा गाठायला धावतपळत परतायचे. यात भरतीची वेळ निवडता येत नाही, फेरीबोटीला उशीर झाला की जीव टांगणीला लागतो आणि बहुतेक वेळ गाडीतच जातो. माझा आग्रह एक रात्र बारातांगला राहण्याचा आहे. राहण्याची सोय मर्यादित आणि साधी असते, म्हणून खोली आधीच ठरवावी. मग पहिल्या दिवशी चिखलाचे ज्वालामुखी आणि संध्याकाळी पॅरट आयलंडवर थव्यांनी परतणारे पोपट पाहता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भरती पाहून गुहेत जाता येते आणि दुपारच्या ताफ्याने परतता येते.

चेन्नईला परतण्याच्या आदल्या दिवशी बारातांग ठेवू नये. मध्ये किमान एक दिवस मोकळा असावा. गुहा आठवड्यातून एक दिवस बंद असते, त्याची आणि ताफ्यांच्या वेळांची खात्री पोर्ट ब्लेअरला पोचताच करून घ्यावी. भारतीय नागरिकांना अंदमानात येण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, पण प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती जवळ असाव्यात. रोख पैसे, पिण्याचे पाणी, उलटीची गोळी, टॉर्च आणि पावसाचा कोट एवढे सामान पुरते. प्लास्टिकचा एकही तुकडा खाडीत जाणार नाही, याची जबाबदारी प्रत्येकाची.

आणि सहल ठरवताना कोणी ‘वाटेत जारवा दिसतील’ असे आमिष दाखवले, तर त्याच्याकडे आरक्षण करू नका. ज्यांना त्या रस्त्याने जाणे मुळातच पटत नाही, त्यांनी बेलम किंवा बोर्रा निवडावे, त्यात काहीही कमी नाही. जाणाऱ्यांनी मात्र नियम पाळून जावे, दगडाला न शिवता पाहावे आणि परत आल्यावर इतरांनाही हेच सांगावे.